तव्यावरची मिश्री आणि न रुजलेलं हाड

प्लेट बरोबर मधोमध मोडली होती. कॉम्प्युटरवर एक्सरे उघडला आणि मी तो मोठा करून पुन्हा पाहिला. चांगल्या स्टीलची, बोटभर रुंद प्लेट. तिचे दोन तुकडे झाले होते आणि खालची नडगी होती तशीच, न जुळलेली.

"म्याडम, आई पडली बिडली न्हाई हो," मुलगा म्हणाला. "नुसती उठून मोरीकडं चालली व्हती. काडकन आवाज झाला आन् खालीच बसली."

"लोखंड मोडतं व्हय?" व्हीलचेअरवरच्या बाईंनी विचारलं. आवाजात तक्रार नव्हती, नवल होतं.

मोडतं. लोकांना वाटतं, प्लेट टाकली म्हणजे पाय पक्का झाला. तसं नसतं. प्लेट फक्त धरून ठेवते, जुळायचं काम हाडाचं. ते वेळेत जुळलं नाही तर रोजच्या चालण्याचा भार प्लेटवर येत राहतो, आणि तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते तशी ती एक दिवस तुटते. हाड आधी जुळतं की प्लेट आधी थकते, अशी ती शर्यत असते. इथे प्लेट थकली होती.

बाईंचं नाव सगुणाबाई. साठी ओलांडलेल्या, काटक, बोलायला फटकळ. गाव दौंड तालुक्यातलं राहू, त्यातही गावाबाहेर उसातली वस्ती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा दत्ता रांजणगावला एका कंपनीत, राहायला कारेगावात. भाच्याच्या मोटारसायकलवर मागे एका बाजूला पाय सोडून बसल्या होत्या, स्पीडब्रेकरवर गाडी उडाली. पुढचं त्यांच्याच शब्दांत: "मी उतरले, गाडी फुडं गेली." आमच्या भागातला माझा निम्मा दवाखाना या स्पीडब्रेकरांवर चालतो.

आधी पुण्यात एका मोठ्या हॉस्पिटलात रॉड टाकला. हाड जुळलं नाही. मग रॉड काढून प्लेट टाकली आणि डाव्या कंबरेचं हाड काढून तिथे भरलं. तेही रुजलं नाही. आता आईला कारेगावात आणून ठेवलेलं, म्हणून जवळचा दवाखाना पडला शिरूरचा, म्हणजे माझा.

बाई आणि हाडांची डॉक्टर, हे शिरूरच्या अजूनही पूर्ण पचनी पडलेलं नाही. सुरुवातीला पाटी न वाचता पोटुशा बायका यायच्या. एका आप्पांनी तर मी त्यांना तपासल्यावर मला विचारलं होतं, "मोठे डॉक्टर कवा येणार?" मी म्हटलं, "येऊन तपासून गेले. आता पट्टा बांधून घ्या." खाली दवाखाना, वर मी राहते. लग्न केलं नाही. का केलं नाही असं विचारणारी माणसंही आता उरली नाहीत.

तर हाडाचं कलम. इंग्रजीत बोन ग्राफ्ट. दुधाला विरजण लावतो तसं समजा. मोडलेली जागा आळशी झाली, जुळायचं नाव घेईना, की शरीरातल्याच दुसऱ्या हाडाचा चुरा आणून तिथे भरायचा. बहुतेक वेळा कंबरेच्या हाडाचा, कारण तिथे तो भरपूर मिळतो आणि तो जिवंत असतो. त्यातल्या पेशी नवं हाड धरायला लागतात. स्वतःचंच असल्यामुळे शरीर ते नाकारत नाही. हे त्याचे फायदे. तोटा असा, की एका दुखण्याची दोन दुखणी होतात. पायाबरोबर कंबरही कापली जाते. आणि विरजण लावूनही कधी कधी दही लागत नाही.

सगुणाबाईंचं का लागलं नाही, हे मला समजेना. शुगर नाही. जंतुसंसर्ग नाही. पुण्यातलं ऑपरेशन मी केलं असतं तरी तसंच केलं असतं, इतकं नीट होतं.

"मावशी, तंबाखू खाता?"

"छ्या! त्या पुरुषांच्या खोडी. पुन्यात बी दोनदा इचारलं, दोनदा सांगितलं न्हाई म्हनून."

"आणि मिश्री?"

"मिसरी व्हय. ती लावतीच की. दात घासाय नकोत?"

"दिवसातून किती वेळा घासता दात?"

त्या हसल्या. दात काळेकुळकुळीत होते. "चार-पाच येळा हुतं."

"आई, मिसरी म्हंजी तंबाखूच की," दत्ता म्हणाला.

"गप रं. तव्यावर भाजल्याव कुठं ऱ्हातोय तंबाखू? समदा जळून जातो."

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या लेखी ते खरंच होतं. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, वस्त्रगाळ करायची, की ती मिश्री. ती दाताला लावायची. ती खात नाहीत, ओढत नाहीत, म्हणून तंबाखूत धरत नाहीत. पुण्यातल्या डॉक्टरांनी विचारलं तंबाखू, त्यांनी सांगितलं नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर. मधल्या मध्ये हाड उपाशी राहिलं. तंबाखूतलं निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आकसवून टाकतं. कलमाला रक्त मिळालं नाही तर ते वाळून विरून जातं. भाजल्यानं निकोटिन जात नाही.

मी हे सगळं समजावून सांगितलं. सगुणाबाईंनी मान हलवत ऐकलं. मग म्हणाल्या, "आमच्या वस्तीवर समद्या बाया लावत्यात. कुनाचं न्हाई मोडलं."

"त्या स्पीडब्रेकरवर उतरल्या नाहीत."

दत्ता हसला. त्या हसल्या नाहीत.

"तिसऱ्यांदा बी न्हाई जुळलं तर?" दत्तानं विचारलं.

"तर वॉकर आणि पट्टा, जन्मभर. एकटीनं वस्तीवर राहणं विसरायचं."

"मंग घराला कुलूप लावतो. आमच्याकडंच ऱ्हाईल ती."

"कुलूप माझ्या मढ्यावर लाव," सगुणाबाई म्हणाल्या.

दत्ता वाईट मुलगा नव्हता. आईला पाठीवर घेऊन जिना चढलेला मी त्याला पाहिला आहे. पण तो आणि त्याची बायको दोघंही कंपनीत, शिफ्ट संपली की ओव्हरटाइम. तो एक्सरेची कॉपी आणायला गेला तेव्हा सगुणाबाई माझ्या टेबलाकडे वाकल्या.

"म्याडम, मला कारेगावात ठिऊ नका. दिसभर खोलीत दार लावून बसायचं. शेजारीण बिहारची हाय. गुणाची हाय, पर ती म्हनती, 'चाची खाना खाया?' आन् मी म्हनती, 'हां.' झालं आमचं बोलनं."

"आणि राहूला कोण आहे?"

"राहूला माझा ओटा हाय."

मग ओट्याची हकीकत समजली. दुपारची भांडी झाली की वस्तीवरच्या तीन बायका त्यांच्या ओट्यावर येत. उसात बिबट्या फिरतो, त्यामुळे दिवस कलला की कुणी घर सोडत नाही. बायकांना मोकळा वेळ म्हणजे तेवढाच. आणि त्या सगुणाबाईंकडेच येत, कारण मिश्री भाजावी सगुणानं, असं वस्तीवर सगळ्यांचं मत. ती करपू देत नसे आणि कच्ची ठेवत नसे. डबी फिरायची, दात घासता घासता गावाची सगळी उणीदुणी निघायची. दुसरा उद्योग नाही. एवढ्यासाठी त्यांना पाय हवा होता.

मी सांगितलं ते असं. मिश्री बंद केल्याशिवाय मी सुरी लावणार नाही. ऑपरेशनच्या आधी दीड-दोन महिने, आणि हाड पक्कं होईपर्यंत तर शपथेवर. खरं तर कायमचीच.

"जमायचं न्हाई," त्या म्हणाल्या.

"मग कारेगाव."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांचा ऊसच पेटवला होता. मग म्हणाल्या, "दुपारची येळ लई वंगाळ जाती हो. बाकीच्या येळा मारून नेईन."

आणि मी, जिनं तोवर कुठल्याही पेशंटला स्वतःचा नंबर दिला नव्हता, तो त्यांच्या फोनमध्ये घालून दिला. "दुपारी आठवण आली की मला फोन करा. तीनच्या सुमाराला मी मोकळी असते."

मोकळी म्हणजे जेवत असते. ओपीडी संपते, सिस्टर आणि कंपाउंडर घरी जातात, शटर अर्धं खाली येतं. मी वर जाऊन डबा उघडते. खाणावळीच्या काकूंचा डबा सकाळी आलेला असतो. समोर टीव्ही असतो, तो मी लावत नाही.

दुसऱ्याच दिवशी फोन आला. "म्याडम, येळ झाली."

"मग बोला."

त्या बोलल्या. डोकं ठणकतंय, पोट साफ होत नाही, सुनेनं दिलेलं मंजन मातीसारखं लागतं, खोलीच्या खिडकीतून फक्त दुसऱ्या खोलीची खिडकी दिसते. नंतर तक्रारी कमी झाल्या आणि वस्ती सुरू झाली. वस्तीवरच्या तिघींची माणसं मला न बघता पाठ झाली. अनसूयाची सून, हौसाचा रुसका नवरा, जनाबाईची तीन सडांची म्हैस. एकदा त्यांनी मधेच विचारलं, "तुमी काय खाताय?"

"पोळी-भाजी."

"कुनी केली?"

"डबा येतो."

"गार?"

"गार."

"आन् संगं कोन हाय?"

"कुणी नाही. तुम्ही आहात की फोनवर." आणि मी विषय बदलला.

एक दिवस आवाज दबका आला. "म्याडम, वस्तीवरच्या बाया आल्यात भेटाय. टेम्पो करून आल्यात. आन् मिसरी आनलीय मला. समोर डबी हाय." आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जात नाहीत, हे मला माहीत होतं. नारळ नेतात, बिस्किटं नेतात. या मैत्रिणींनी नेमकी मिश्री नेली होती.

"मग?"

"मंग काय? तुमीच बोला आज कायतरी. मी आयकते."

हाडांबद्दल मी तासभर बोलू शकते, पण ते नको होतं. शेवटी रविवारी मी काय करते ते सांगितलं. उशिरा उठते, पेपर वाचते, कपडे धुवायला टाकते, भावाचा फोन येतो, तो म्हणतो आता दवाखाना बंद कर आणि पुण्याला ये, मी म्हणते बघू. सांगून संपलं तेव्हा माझ्याच लक्षात आलं, की मी रविवारी फार काही करत नाही. पलीकडे बायकांचे आवाज येत होते, मग खुर्च्या सरकल्या. "निघाल्या," सगुणाबाई म्हणाल्या. "लवकर उठल्या आज."

"डबी?"

"परत दिली. जनाबाईला राग आला."

ऑपरेशन ठरलं. संमतीपत्रावर सही घ्यायच्या आधी मी सगळ्या गुंतागुंती सांगते. सांगायलाच लागतात. कंबर दुखेल, कधी कधी पायापेक्षा जास्त आणि जास्त काळ. कंबरेत रक्त साचू शकतं. मांडीवरून एक बारीक नस जाते, ती दुखावली तर तेवढी जागा बधिर होते. जखमेत पू होऊ शकतो, आणि तसं झालं तर भरलेलं सगळं हाड काढून टाकावं लागतं. आणि हे सगळं सोसूनही हाड न रुजण्याची शक्यता असतेच.

"म्हंजी समदंच व्हईल," सगुणाबाई म्हणाल्या.

"सगळं होत नाही. यातलं काही होऊ शकतं."

आणखी एक अडचण होती. डावी कंबर आधीच कोरलेली. उजव्या कंबरेचं हाड वयानं विरळ झालेलं, तिथून पुरेसा चुरा निघणार नव्हता. म्हणून पुण्याच्या हाडांच्या बँकेतून तयार हाड मागवायचं ठरवलं. त्यात जिवंत पेशी नसतात. पण ते मांडव घालून देतं आणि स्वतःचं हाड त्यावर वेलासारखं चढतं. दोन्ही मिसळून भरायचं.

"दुसऱ्या मानसाचं?" सगुणाबाई ताठ झाल्या. "जित्या का मेल्या?"

"कधी गेलेल्या माणसाचं, घरच्यांनी दान केलेलं. कधी जिवंत माणसाचं, खुबा बदलताना काढलेलं. सगळं तपासून, जंतू मारून ठेवतात."

"कुनाचं ते कळंल?"

"नाही. ते सांगत नाहीत."

त्यांनी थोडा विचार केला. "असू द्या. पायात तरी कुनीतरी संगं व्हईल."

मी हसले. पण ते वाक्य दिवसभर मनातून गेलं नाही.

भूल द्यायला आमचे डॉक्टर दौंडहून येतात. ते नेहमीप्रमाणे रेल्वे फाटकाला शिव्या देत आले. पाय उघडला. तुटलेली प्लेट काढली. पूर्वी भरलेल्या डाव्या कंबरेच्या हाडाचा मागमूसही नव्हता. त्या जागी पांढरट, चिवट दोर तयार झाला होता. तो सगळा खरवडून काढला, हाडाच्या टोकांना रक्त सुटेपर्यंत. रक्त सुटलं तेव्हा मला बरं वाटलं. आमच्या धंद्यात रक्त दिसल्यावर बरं वाटायचे प्रसंग थोडे असतात, त्यातला हा एक. मग उजव्या कंबरेतून चमच्यासारख्या हत्यारानं ओला, लालसर चुरा काढला. वाटीभरही नव्हता. त्यात बँकेचा चुरा मिसळला, फटीत दाबून भरला, वर नवी प्लेट.

पुढे काय काय होऊ शकतं हे मी सांगितलं होतं, त्यातलं बरंच झालं. कंबरेत रक्त साचलं, ते काढावं लागलं. उजव्या मांडीवर तळहाताएवढी जागा बधिर झाली. "हितं मुंगी चावली तरी कळायची न्हाई," असं त्या सगळ्यांना दाखवायच्या. पाय दुखत नव्हता, कंबर दुखत होती. आणि मग पायाची जखम ओली राहायला लागली.

तेव्हा मी घाबरले. ओली जखम म्हणजे पू होण्याची पहिली पायरी असू शकते, आणि आता काढून टाकायला लागलं असतं तर पुन्हा भरायला त्यांच्या अंगात हाड शिल्लक नव्हतं. ड्रेसिंग सिस्टरवर न सोडता मीच करू लागले. सॅम्पल पुण्याला पाठवलं. रिपोर्ट येईपर्यंत मी कुणाशी धड बोलले नाही. म्हणजे तसंही बोलायला कुणी नव्हतं, पण डबेवाल्या काकूंनीसुद्धा विचारलं, "बरं नाही का?" या कामात सल्ला द्यायला फोनवर दहा जण भेटतात. काळजी मात्र एकट्यानंच करायची असते.

"तुमी लई येळा बघताय," सगुणाबाई म्हणाल्या. "कायतरी बिघडलंय."

"अजून नाही."

"बिघडलं तर पयलं मला सांगा. दत्ताला न्हाई."

रिपोर्टमध्ये जंतू निघाले नाहीत. जखम हळूहळू सुकली. त्या दिवशी मी वर जाऊन दुपारचीच आडवी झाले आणि संध्याकाळच्या ओपीडीला उशिरा उतरले. असं मी करत नाही.

त्यानंतर वाट बघणं. हाडाला घाई करता येत नाही. त्या कारेगावात, मी इथे, तीन वाजता फोन. पहिल्या एक्सरेत काही नाही. दुसऱ्यात फटीच्या कडेला अगदी पुसट धुकं दिसलं. मी कॉम्प्युटरच्या काचेला नाक लावून पाहिलं. तिसऱ्यात ते धुकं या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेलं. कलम रुजलं होतं. दत्ता माझ्या पाया पडायला वाकला, मी त्याला बाजूला सारलं आणि म्हटलं, "आईच्या पड. मिश्री तिनं सोडली."

सगुणाबाई काठी घेऊन राहूला, आपल्या घरी गेल्या. आणि तीनचा फोन यायचा बंद झाला.

पहिले काही दिवस मी म्हटलं, बरं झालं. ओटा भरला असणार, मला फोन करायला वेळ कुठला. जेवताना फोन मी ताटाशेजारी ठेवत होतेच. हौसाचा नवरा रुसलेलाच आहे का, म्हैस व्याली का, हे कळायला मार्ग नव्हता. मला वाईट वाटलं. पेशंट बरा झाल्याचं वाईट वाटणं डॉक्टरला शोभत नाही, पण वाटलं. आपण होऊन फोन करावा असं दोनदा मनात आलं, आणि काय निमित्त सांगणार म्हणून राहिलं.

शेवटच्या तपासणीला त्या एकट्या आल्या. राहूहून एसटी बदलत, काठी पिशवीत घालून. दारातून माझ्या टेबलापर्यंत सरळ चालत आल्या. शिरूरमधल्या माझ्या सगळ्या वर्षांत मला इतका आनंद फार थोड्या वेळा झाला आहे. एक्सरे काढला. हाड सलग. कुठे मोडलं होतं ते शोधावं लागावं इतकं.

"झालं, मावशी. आता माझं काम संपलं. ओटा काय म्हणतो?"

"ओटा हाय. सारवलाय चांगला."

"बायका येतात ना?"

"न्हाई." त्या पदराचं टोक बघत राहिल्या. "त्या आता अनसूयाकडं बसत्यात. मी हिकडं असताना तिनं भाजायला घेतली. कच्चीच ठेवती, पर भाजती."

"मग तुम्ही जायचं तिकडे. पाय कशाला दिलाय?"

"गेले की. पैल्याच दिशी गेले. जागा दिली, डबी फुडं केली. मी न्हाई म्हनलं. दुसऱ्या दिशी बी न्हाई म्हनलं. मंग काय हुतं म्याडम, समद्या थुकायला उठल्या की मी एकटीच बसून. त्या आपसात बोलत्यात, माझ्याकडं बघून थांबत्यात. त्येंला वाटतं, ही आता डाक्टरची मानूस झाली. मी पावनी झाले तिथं. मंग जायाचं सोडलं."

"मला फोन का नाही केला?"

"हाड जुळलं म्हनलात. मंग कशाला तुमचं जेवान गार करायचं?"

जेवण आधीच गार असतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

त्या पुढे झुकल्या. "आता हाड पक्कं झालं ना? मंग एक इचारते. आता लावू का? एकदाच, दुपारची. तुमी न्हाई म्हनलात तर न्हाई लावायची."

डॉक्टरला याचं उत्तर माहीत असतं. तोंडाचा कॅन्सर, हिरड्या, रक्तदाब. मी त्यांचं तोंड उघडायला लावून बॅटरीनं पाहिलं, खरं तर वेळ काढला. या बाईनं दोन कंबरा कोरून घेतल्या, कुणा अनोळखी माणसाचं हाड पायात घेतलं, ते ओट्यावर चार बायकांत बसता यावं म्हणून. पाय मी नीट करून दिला होता. ओटा मीच रिकामा केला होता, आणि तोही बरोबर सल्ला देऊन. मला रडू आलं नाही, पण यायला हरकत नव्हती.

"नको," मी म्हटलं.

"बरं." त्यांनी वाद घातला नाही. पिशवी उचलली, उठल्या. "येते मंग. आता काय येनं हुनार न्हाई."

"पुढच्या महिन्यात दाखवायला यायचं," मी म्हणाले.

"कशाला? काम संपलं म्हनलात ना?"

"तपासायला लागतं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. चाळीसेक वर्षं मी लोकांना तपासते आहे. मला असं कुणी तपासलेलं नव्हतं.

"कवा येऊ?"

"तीन वाजता."

"तवा तर तुमी जेवता."

"हो."

त्या दाराशी थांबल्या. "मंग भाकरी आनते. गार खाऊ नगा."

तेव्हापासून त्या महिन्यातून एकदा येतात. आम्ही वरच्या खोलीत बसून भाकरी आणि ठेचा खातो. एक्सरे काढत नाही. मिश्री लावली की नाही हे विचारत नाही, फक्त त्या हसल्या की दातांकडे बघते, ती सवय आहे. बाकीचे दिवस त्यांचा ओटा रिकामा आणि माझी खोली रिकामी, त्यात काही फरक पडलेला नाही.

नव्या डॉक्टरांसाठी धडा एवढाच, की तंबाखू विचारून थांबू नये, मिश्री वेगळी विचारावी. दुसरं काही शिकले असेन, तर ते या वयात कबूल करायचं नाही असं मी ठरवलं आहे.